शेवाळावरच्या लिंपेटचं बारसं

दानेश्वरी बिराजदार कधी चुकत नाहीत, असं सोलापूरच्या त्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणायचे. म्हणताना निम्मं कौतुक असायचं आणि निम्मी आग. प्राणिशास्त्राच्या या बाई मूळच्या मैंदर्गीच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत समोरच्याची चूक काढायची हातोटी सारखीच. शंख-शिंपले हा त्यांचा विषय. सोलापुरात कुठला आलाय समुद्र, असं पाहुणेरावळे हसून विचारत, तेव्हा बाई म्हणत, "चंद्रावर न जाता चंद्राचा अभ्यास करतातच की लोक." दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन त्या देवगडच्या बाजूला जात, बाटल्या भरून आणत आणि पुढं वर्षभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत.

इतकं करून एक गोष्ट काही त्यांच्या पदरात पडली नव्हती. नवी जात. जगात कुणी न पाहिलेला एखादा जीव आपल्याला सापडावा, त्याला आपण नाव द्यावं आणि ते नाव आपल्या माघारीही पुस्तकात राहावं, एवढी एकच हाव बाईंना होती. साडी-सोन्याची नव्हती, माणसांची तर त्याहून नव्हती. पण जे हाती लागे त्याला कुठल्या तरी गोऱ्या साहेबानं आजोबा-पणजोबांच्या काळातच नाव देऊन ठेवलेलं असे. कधी न चुकणाऱ्या माणसाची हीच पंचाईत. दुसऱ्याला सोडा, त्याला स्वतःलाही फसवता येत नाही.

त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता अजिनाथ बंडगर. मोहोळ तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली. बाप कळपामागं रानोमाळ. पोराला वाढवलं ते आत्यानं, सोजरबाईनं. अजिनाथ दिसायला दांडगा, बोलायला मोकळा, आणि नजर अशी की भरल्या कळपात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं ते तोंडाकडं बघून सांगायचा. ही नजर त्यानं कॉलेजातही आणली होती, आणि तिचा त्याला जरा गर्वही होता. असायला हरकत नव्हती. दुसरं गर्व करण्यासारखं त्याच्याकडं काय होतं?

त्या हिवाळ्यात देवगडला ओहोटीच्या वेळी बाकीची पोरं खडकावर वाकून लिंपेट गोळा करत होती. लिंपेट म्हणजे टोपीसारखं कवच पाठीवर घेऊन खडकाला चिकटून बसणारी बारकी गोगलगाय. तिकडची नेहमीची जात गोल आणि पसरट; पैशाला पासरी सापडते. अजिनाथ मात्र पाण्यात उतरून सरगॅसमचं शेवाळ चाळत बसला होता. त्याच्या एका देठावर त्याला नखापेक्षाही लहान, लांबुडकं, दोन्ही बाजूंनी चिमटलेलं लिंपेट दिसलं. मग तसलीच आणखी चार-सहा.

"मॅडम, हे त्यातलं न्हाय," तो ओरडतच आला.

"कशावरून?"

"तोंडावरनं. ह्येचं कूळच येगळं हाय की."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रिकामी बाटली पुढं केली.

सोलापूरला परतल्यावर त्यांनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि त्यातला एक नमुना आपल्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. जात नवी असली तर ती अजिनाथची असणार होती, आणि असं झालं तर आपण काय करू हे बाईंना खरंच ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी उजेड नीट पडला आणि कवचाचं टोक स्वच्छ दिसलं. कवचाचं टोक म्हणजे त्या जिवाचं बाळपण, सगळ्यांत आधी तयार झालेला भाग. ते टोक गोल होतं. थेट खडकावरच्या लिंपेटसारखं. त्याच्याखाली मात्र कवच एकदम अरुंद झालं होतं. म्हणजे हे पिल्लू आधी खडकावर होतं, मग शेवाळावर चढलं. बसायला जागा अरुंद मिळाली, म्हणून अंगानंही अरुंद झालं. बाईंनी खात्रीसाठी त्याच्या जिभेवरची दातांची पट्टी काढली आणि खडकावरच्याच्या पट्टीशी ताडून पाहिली. दातास दात जुळत होता.

जात जुनीच होती. मेंढराच्या तोंडावरून त्याचं कूळ कळतं हे खरं, माळावर चारा की मळ्यात चारा, मेंढराचं नाक काही बदलत नाही. लिंपेटचं तसं नसतं. ते बसतं त्या जागेसारखं होतं. अजिनाथ चुकला होता तो आपल्या घरच्या शहाणपणापायी.

बाईंना हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची त्यांना लाजही वाटली नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

तरीही त्या त्याला सांगणारच होत्या. तशा वाईट नव्हत्या बाई, निदान तोवर तरी नव्हत्या. सांगायला म्हणून त्या बाहेर पडल्या तर व्हरांड्यात अजिनाथ वनस्पतिशास्त्राच्या मंजुनाथ सरांशी गप्पा मारत उभा. मंजुनाथ सर म्हणजे गावभर मैत्री असलेला हसरा माणूस. बाई खांबाआड होत्या.

"एवढी वर्षं बाई जातायत तिकडं," सर म्हणाले, "त्यांना नाही ते दिसलं?"

"मॅडम पुस्तकातनं बघत्यात सर. त्याला नजर लागती."

"म्हणजे बाईंना नजर नाही म्हणतोस?"

"तसं न्हाय ओ. पर दिसलं तर मलाच न्हवं का?"

दोघंही हसले. त्यात वाईट काही नव्हतं. दोन पुरुष चहा पिता पिता हसतात तसंच ते हसणं होतं. पण बाईंच्या वर्मी लागलं. त्या आल्या पावली मागं फिरल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. कान तापले होते. ज्यासाठी आपण डोळे फोडून घेतले ती गोष्ट मेंढरं राखणाऱ्या या पोराला पाण्यात उभ्या उभ्या मिळाली, असं तो समजतो काय? समजू दे. खाली तर त्याला यायचंच होतं. आधी जरा उंच चढू दे.

दुपारी तो विचारायला आला. "मॅडम, तुमी बघितलं का?"

"तुझा शोध आहे," बाई म्हणाल्या. "तूच बघ."

त्यानं बघितलं. लांबी मोजली, रुंदी मोजली, पुस्तकं धुंडाळली आणि कुठल्याच चित्राशी जुळत नाही म्हणून दर आठवड्याला आणखी खूश होत गेला. एकदा चिमटा हातात घेऊन म्हणाला, "दातांची पट्टी काढून बघू का?"

बाईंनी वर पाहिलं. "नमुने थोडे आहेत. फोडून वाया घालवू नकोस. डीएनएला पाठव."

कोकणातल्या एका प्रयोगशाळेत डॉ. पूनम म्हणून ओळखीच्या होत्या, त्यांच्याकडं नमुना गेला. तिथला निकाल यायला महिने लागतात हे बाईंना माहीत होतं. दातांची पट्टी घटकाभरात खरं बोलली असती. बाईंनी मात्र पोराला लांबची वाट दाखवली, आणि वर "घाई करू नये" असा उपदेशही केला.

निकालाची वाट पाहत असतानाच अजिनाथनं नाव ठरवलं. एके दिवशी दुपारी बाटल्या धुता धुता त्यानं बाईंना सांगितलं की या लिंपेटला सोजरबाईचं नाव द्यायचं, आणि ते नाव आत्याच्याच तोंडून ठेवायचं.

"बारशात आत्याचा मान अस्तो मॅडम. पोराच्या कानात कुर्र करायचं नि नाव सांगायचं. मग बाया तिच्या पाठीत धपाटे घालत्यात. माझ्या बारशाला आत्या हुती की. सख्खी. पर पांढऱ्या कपाळाची, त्यात मूलबाळ न्हाय. तिला पाळण्यापासनं लांब, जनावरांच्या दावणीपाशी बसवलं. नाव ठिवलं गोजाबाई चुलतीनं. आन आई गेल्यावर शेळीचं दूध पाजून जगवलं कुणी, तर आत्यानं." तो बाटली धुवायचा थांबला. "तिला कुणीच कवा पाळण्याला हात लावू दिला न्हाय. ह्येच्या बारशाला कोन अडवतंय बघतो."

बाईंचं तर लग्नच झालेलं नव्हतं, आणि मैंदर्गीला भावाच्या घरी कार्य निघालं की बायकांचे डोळे कसे फिरतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सांगून टाकावं, असं त्यांना अगदी आतून वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात अजिनाथ मोठ्या मनानं म्हणाला, "आन तुमी वाईट वाटून घिऊ नका मॅडम. फुडच्याला तुमचंच नाव देतो. मला काय, अजून लई घावतील."

भीक घातल्यासारखं त्यानं ते दिलं, आणि बाईंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"चांगली कल्पना आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या कॉलेजच्या सेमिनारला डॉ. पूनम भाषणाला येणारच आहेत. त्याच दिवशी बारसं करू. खराच पाळणा बांधू."

आता हे असलं कुठल्या कॉलेजात होतं, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडं ट्रॅक्टर घेतला तरी पेढे वाटतात, बोअरला पाणी लागलं तरी नारळ फुटतो. नव्या जातीचं बारसं म्हटल्यावर सगळं कॉलेज हौसेनं कामाला लागलं. मंजुनाथ सरांनी भवानी पेठेतल्या एका ओळखीच्या घरातून शिसवी पाळणा आणला. प्राचार्यांनी पेपरवाल्यांना कळवलं. सोजरबाईचा भाऊ, म्हणजे अजिनाथचा बाप, कळप घेऊन लवकरच बाहेर पडणार होता आणि तीही बरोबर जाणार होती, म्हणून निकाल हातात यायची वाट न बघता दिवस पक्का झाला. निकाल घेऊन डॉ. पूनम स्वतःच येतायत म्हटल्यावर शंका कुणाला यायची? गावात फ्लेक्स लागला. त्यावर अजिनाथचा गॉगल घातलेला फोटो, वर 'आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ', आणि खाली लिंपेट म्हणून छापलेलं कासव. अजिनाथनं मोबाइलवर तो फ्लेक्स दाखवला तेव्हा बाई खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

"कासव कशाला रे?"

"फ्लेक्सवाल्याला दुसरं घावलं न्हाय," तो लाजून म्हणाला.

सेमिनारच्या सकाळी तो आत्याला घेऊन प्रयोगशाळेत आला. सोजरबाई काटकुळी, उन्हानं रापलेली, नव्या लुगड्यात अवघडलेली बाई होती. अजिनाथ खुर्च्या लावायला गेला आणि दोघी बायकाच उरल्या. सोजरबाईनं काचेच्या बशीतलं ते नखाएवढं कवच लांबूनच पाहिलं. जवळ गेली नाही.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "म्या हात लावला तर चालंल न्हवं? पोरगं ऐकत न्हाय. पर मला भ्या वाटतं. माझ्या हातानं कायतरी वंगाळ व्हायचं."

दानेश्वरीबाईंना अजूनही थांबवता आलं असतं. दार बंद होतं, ऐकायला कुणी नव्हतं. पण त्यांनी आपला हिशोब केला तो असा: डॉ. पूनम भाषणात सांगतील, अजिनाथचं तोंड एवढंसं होईल, चार दिवस तो मान खाली घालून फिरेल आणि मग शहाणा होऊन कामाला लागेल. बारसं बिचारं राहून जाईल, एवढंच. शास्त्रात असं होतच असतं. सोजरबाईचं काय होईल, हा विचार या हिशोबात कुठंच नव्हता.

"काही होत नाही," बाई म्हणाल्या. "मी आहे ना."

सोजरबाईचा चेहरा असा उजळला की बाईंना खिडकीबाहेर बघावं लागलं.

हॉल भरला. गावाकडनं टेम्पो भरून बायका आल्या होत्या, त्यांच्या पुढं गोजाबाई चुलती, दंडापर्यंत पदर सावरत. झेंडूच्या माळांनी सजवलेल्या पाळण्यात मखमलीवर ती काचेची बशी ठेवलेली. आधी डॉ. पूनम यांचं भाषण आणि मग बारसं असं ठरलं होतं, पण त्यांच्या गाडीला उशीर झाला. प्राचार्यांना दुसरीकडं जायचं होतं. "पाव्हणी येईस्तोवर आपण नाव ठेवून घेऊ," मंजुनाथ सर म्हणाले, आणि बायकांना तेवढंच हवं होतं. बाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. आता उठून सांगायचं तरी काय?

बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून-वरून वरवंटा फिरवला. मग अजिनाथनं आत्याचा हात धरून तिला पुढं आणलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. गोजाबाईनं तोंड वाकडं केलं, पण एवढ्या शिकलेल्या लोकांत बोलणार काय. सोजरबाईनं पाळण्याची दोरी धरली. पहिल्यांदा नुसतं बोट लावलं, मग मूठ वळली. ती वाकली, त्या बशीशी तोंड नेलं, आणि "कुर्र" म्हणताना तिचा आवाज फुटला. नाव तिनं इतकं हळू सांगितलं की कुणालाच ऐकू गेलं नाही. स्वतःचंच नाव मोठ्यानं कसं घ्यायचं? कॉलेजच्या मुलींनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले आणि ती म्हातारी रडत रडत हसायला लागली. तो पाळणा हलवायची ती काही थांबेना.

तेवढ्यात डॉ. पूनम आल्या. घाईघाईनं आलेल्या, घामाघूम, आणि हे सगळं काय चाललंय ते धड न कळलेल्या. कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. त्या सरळ स्वभावाच्या होत्या आणि प्रवासानं दमलेल्या. त्यांनी आधी अजिनाथच्या नजरेचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "पण निकाल आलाय, आणि तो सांगायलाच हवा. ही नवी जात नाही. खडकावरचं नेहमीचंच लिंपेट आहे. शेवाळाचा देठ अरुंद असतो, त्यामुळं कवच असं लांबुडकं वाढतं. पुष्कळांची फसगत होते." त्यांनी जरा थांबून दानेश्वरीबाईंकडं पाहिलं. "दातांची पट्टी पाहिली असती तर इथंच कळलं असतं."

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मागच्या बायकांना शास्त्र कळलं नाही. "काय म्हनली वं ती?" एकीनं विचारलं.

"नवं न्हाय म्हनं. जुनंच हाय म्हनं."

गोजाबाई उठून उभी राहिली. आता तिला शिकलेल्या लोकांची भीड उरली नव्हती. "सकाळपतोर नवं हुतं न्हवं?" ती म्हणाली. "पेपरात आलं, फ्लेक लागला. मग आत्ताच जुनं कसं झालं? म्या सांगत हुते. वांझोट्या हातानं पाळणा हालवू नाय. ऐकलं का कुणी?"

सोजरबाईनं दोरी सोडली. हात पदराखाली घेतला. पाळणा आपला हलतच होता, तो मंजुनाथ सरांनी पुढं होऊन धरला.

डॉ. पूनम म्हणाल्या, "अहो, असं काही नसतं, हे आधीपासूनच—" पण गलका इतका झाला की पुढचं कुणी ऐकलं नाही. सगळे अजिनाथकडं बघत होते. पेपरवाला पोऱ्या बघत होता, प्राचार्य बघत होते, गाव बघत होतं. त्याचं तोंड लाल झालं, मग राखेसारखं पडलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते तोंड दानेश्वरीबाईंना आता समोर दिसत होतं. खोटं कशाला सांगायचं, त्या घडीला त्यांना बरं वाटलं. तहान भागल्यावर वाटतं तसं.

अजिनाथ त्यांच्याकडं वळेल, आपल्याला काही विचारेल, असं त्यांना वाटलं होतं. उत्तरही तयार होतं. तो वळला तो आत्याकडं.

"तुला कुणी सांगितलं हुतं आधी हात लावायला?" तो सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला. "पाव्हण्या येईस्तोवर दम निघत न्हवता? एवढी काय घाई झालती तुला?"

"चुकलं बाबा," सोजरबाई म्हणाली. "माझंच चुकलं."

लोकांनी घुगऱ्या मात्र खाल्ल्या. केलेलं अन्न टाकायचं नाही. प्राचार्य निघून गेले, पेपरवाल्यानं कासवाच्या फ्लेक्सचा फोटो कुठं मिळेल ते विचारून घेतलं, आणि हॉल रिकामा झाला. दानेश्वरीबाई तिथंच बसून होत्या. पोराला खाली आणायचं होतं त्यांना. तो खाली आला तो म्हातारीच्या अंगावर, आणि स्वतः शाबूत उभा राहिला.

त्या उठल्या आणि जवळजवळ पळतच गेटापाशी गेल्या. गावाकडच्या बायका लिंबाखाली टेम्पोची वाट बघत बसल्या होत्या. सोजरबाई त्यांच्यात नव्हती. ती भिंतीकडेला एकटी, उन्हात, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती. बाई तिच्यासमोर खाली मातीत बसल्या. असं त्या कधी कुणासमोर बसल्या नव्हत्या.

"सोजरबाई, ऐका माझं. ते पहिल्यापासून जुनंच होतं. तुमच्या हातानं काहीसुद्धा झालं नाही. मला माहीत होतं. देवगडहून आलो तेव्हाच कळलं होतं मला."

सोजरबाईनं हात पदरात आणखी आत ओढून घेतले.

"मी मुद्दाम सांगितलं नाही. अजिनाथचा राग आला होता मला. त्याची फजिती व्हावी असं वाटत होतं. बारसं करायला मीच लावलं."

म्हातारीनं बराच वेळ त्यांचं तोंड निरखलं, जसं एखादं आजारी मेंढरू निरखावं. मग मान हलवली.

"लई मोठं मन हाय तुमचं मॅडम," ती म्हणाली. "पर माझ्यापायी खोटं बोलू नका. म्हाईत असतं तर तुमी गप बसला असता व्हय? पोराला एवढं नाचू दिलं असतं? मला सकाळी हात लाव म्हनला असता? मानसाची जात असं करल व्हय?"

"मी केलं. खरंच केलं."

"गप बसा. माझं पाप तुमी अंगावर घिऊ नका. तुमाला अजून लई पोरं शिकवायची हायत." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला समजलं आता. त्येच्या लग्नात म्या मांडवात यायची न्हाय. लांबनं अक्षता टाकीन. लेकरू झालं त्येला की मेंढरांमागं निघून जाईन, सावली बी पडू देनार न्हाय. धाकटा हुता तवा पाजलं, अंगावर निजवलं, आता वाटतंय त्येची आई बी माझ्या पायगुणानंच गेली आसंल."

इतकी वर्षं माणसांना पुराव्यानिशी चूक दाखवून देणाऱ्या या बाईंकडं आता एकच पुरावा होता, आणि तो पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागं येऊन उभा राहिला होता. अजिनाथनं सगळं ऐकलं होतं.

"अजिनाथ," बाई उठून म्हणाल्या, "सांग तिला. तू दातांची पट्टी काढू का म्हणालास, मी नको म्हणाले. आठवतंय ना? सांग."

अजिनाथनं त्यांच्याकडं पाहिलं. त्याला आठवलं, हे बाईंना दिसलं. 'तूच बघ' आठवलं, 'घाई करू नये' आठवलं, आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली तसा त्याचा जबडा आवळत गेला. आता हा आपल्याला मारेल असं त्यांना वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. चारचौघांत बोलला, शिवी दिली, तरी म्हातारीची सुटका होणार होती. पण त्याच्या डोळ्यांत राग आला तसा विझला, आणि त्या जागी एक थंड, हिशोबी काहीतरी आलं. बाईंनी ते लगेच ओळखलं. प्रबंधावर सही बाईंचीच लागणार होती. शिवाय आत्याचा दोष नव्हता असं म्हटलं, तर हॉलमध्ये तो तिला जे बोलला त्याचं काय करायचं?

"आत्ये," तो मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम चांगल्या हायत म्हनून तसं म्हनत्यात. तुला बरं वाटावं म्हनून. चल, टेम्पो आलाय."

"त्येच म्हनते म्या," सोजरबाई म्हणाली, आणि उठता उठता तिनं वाकून दानेश्वरीबाईंच्या पायांना हात लावला. मग लगेच काहीतरी आठवल्यासारखा तो मागं घेतला. "माफ करा मॅडम, हात लागला."

टेम्पोत गोजाबाईनं सगळ्यांना सरकायला सांगितलं आणि सोजरबाईला मागं फळीपाशी एकटीला जागा झाली. अजिनाथनं तिला चढवलं, फळी लावली, पिन नीट बसली का ते ओढून पाहिलं. टेम्पो वळून रस्त्याला लागेपर्यंत तो हात हलवत राहिला. मग बाईंपाशी आला आणि जरा अंतर राखून, अदबीनं उभा राहिला.

"सोमवारी येतो मॅडम," तो म्हणाला. "फुडचा विषय तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं करू."

"ये," बाई म्हणाल्या.